लेकीच्या शिरेतलं मासळीचं तेल

माझी लेक वेळेच्या फार आधी जन्मली. किलोच्याही आतली. दूध सुरू केलं आणि तिचं पोट फुगलं, निळसर झालं, म्हणून डॉक्टरांनी तोंडाने देणं बंद केलं. मग जे काही अंगात जायचं ते शिरेतून. एका नळीतून साखरेचं पाणी आणि प्रोटीन, आणि दुसऱ्या बारीक नळीतून पांढरंशुभ्र काहीतरी. त्या पांढऱ्याच्या सिरिंजला चांदीसारखा कागद गुंडाळलेला असायचा, उजेड लागू नये म्हणून.

सासूबाईंनी ते काचेतून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला. "अगं, रक्तात दूध सोडलंय यांनी." मी आदल्या दिवशी नेमकं हेच सिस्टरला ओरडून विचारलं होतं आणि तिने मला खाली बसवून समजावलं होतं, त्यामुळे आता मी मोठी शहाणी. म्हटलं, आई, दूध नाही ते, तेल आहे, सोयाबीनचं, अगदी बारीक फेटलेलं. बाळाच्या अंगावर चरबी नाही, तिच्या मेंदूला ती लागते, म्हणून अशी देतात. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं नाही ते दिसत होतं. तेल अंगाला चोळायचं असतं, शिरेत कोण घालतं, असं त्या रिक्षात बसल्यावर माझ्या नवऱ्याला म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्या गावदेवीला नवस बोलल्या. नात उंबरा ओलांडून घरात येईपर्यंत या घरातल्या कुणाच्याही पोटात मासा जाणार नाही. आता आमचं घर कसलं, तर खाडीकाठचं. सकाळी भाकरीबरोबर जवळा, दुपारी कालवण, रात्री उरलेलं कालवण. मी तुळिंजच्या फ्लॅटमधून या घरात आले तेव्हा पहिलं वर्ष माझ्या केसांनाही बोंबलाचा वास येतोय असं मला वाटायचं. त्या घरात फ्रीज रिकामा झाला आणि सुकटीची बरणी शेजारच्या काकूंकडे गेली. सासरे वरणभातासमोर असे बसायचे की जणू कुणी त्यांची जमीन लुबाडली. मी मनात म्हटलं, करू देत बापडीला. मला निदान दूध काढून ठेवायचं काम होतं, त्यांना तेवढंही नव्हतं.

बाळाच्या पोटाचं दुखणं लांबत गेलं. काही आठवड्यांनी लेक पिवळी दिसायला लागली, मग पिवळ्यावर हिरवट छटा. मी स्वतःला सांगत राहिले की खिडकीचा उजेडच तसा आहे. मग डॉक्टर मॅडमनी मला आणि सासूबाईंना बाजूला बोलावलं. शिरेतून इतके दिवस अन्न दिलं की कधीकधी लिव्हर थकतं, म्हणाल्या, हिचं थकलंय. तेल बंद करता येणार नाही, वाढ खुंटेल. पण तेल बदलून पाहता येईल. दुसऱ्या एका मिश्रणात माशाचं तेल असतं, ते लिव्हरला जरा सोसतं. मग त्यांनी नेहमीसारखं विचारलं, घरात कुणाला माशांची, अंड्यांची ॲलर्जी आहे का?

मी नाही म्हणाले. शेजारी सासूबाईंच्या तोंडाचा रंग उतरला.

बाहेर बाकावर त्या एवढंच म्हणाल्या, "नको देऊ म्हनावं. ती पन घरातलीच हाय." त्यांच्यापेक्षा मीच जास्त शिकलेली, आणि तोंडानेही तिखट. मी चिडले, वाट्टेल ते बोलले. देवीला काय लिव्हरचं कळतं, असं बोलले. पण बोलून झाल्यावर मीच परत बाकावर बसले. समजा, म्हटलं. समजा आपण होय म्हणालो आणि उद्या काही झालं, तर? जन्मभर ही बाई माझ्याकडे बघेल, आणि त्याहून वाईट म्हणजे मीच माझ्याकडे बघेन. मी परत आत गेले आणि मॅडमना विचारलं, मासा नसलेलं काही मिळतं का. त्यांनी माझ्याकडे जरा थकून पाहिलं. म्हणाल्या, मासा नसलेलंच देत होतो. तेच तिला झेपत नाहीये. याने कावीळ उतरेलच अशी खात्री मी देत नाही, पण थांबले तर काय होईल ते मला माहीत आहे. संध्याकाळी सुरू करायचंय, तेवढ्यात सांगा.

बाहेर आले तर बाकावर सासूबाई नाहीत. फोन उचलेनात. नवऱ्याला विचारलं, घरी नव्हत्या. मला वाटलं, देवळात गेल्या, किंवा रागाने कुठे निघून गेल्या. लेक आत हिरवी पडलेली, ही बाई बाहेर हरवलेली, आणि हो की नाही ते मी एकटीने सांगायचं. मी बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसले.

त्या आल्या त्या समोरच्या खाणावळीतून. आयुष्यात कधी बाहेर खाल्लं नव्हतं त्यांनी. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी, तेलाचे डाग बाहेर आलेले.

"सुरू केलं?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग थांब. आदी मी खाते."

तळलेला बोंबील होता. पायरीवर माझ्या शेजारी बसून त्यांनी तो खाल्ला. ज्या बाईला मासळीशिवाय घास उतरत नव्हता, तिला तो एक बोंबील गिळता येईना. डोळ्यांतून पाणी, मध्येच ठसका. मी पाठीवरून हात फिरवला तर झिडकारला. शेवटचा तुकडा संपवून त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"नवस मी मोडला. तिने नाय. जे काय व्हायचं ते मला होईल." मग म्हणाल्या, "जा, सांग त्यांना."

मी गेले आणि सांगितलं. नवी सिरिंज आली, तीही पांढरीच, तोच चांदीचा कागद. मला उगाच वाटलं होतं की वेगळी दिसेल. पिवळेपणा लगेच गेला नाही. एका तपासणीत किंचित कमी, पुढच्यात परत तेवढाच, आणि दर वेळी मॅडमचा चेहरा आधी वाचायचा. त्यात माझी भीती आता दुप्पट झाली होती. काचेच्या आत लेकीचा श्वास बघायचा आणि बाहेर सासूबाईंचा. त्या खोकल्या तरी मी वळून बघायचे. मी देवीला न मानणारी, पण त्यांना साधा ताप आला तेव्हा त्यांच्याआधी मी रडले.

हळूहळू लेकीचा रंग माणसासारखा झाला. पोट बरं झालं, थेंब थेंब दूध पचायला लागलं, एक दिवस ती नळी निघाली, आणि पुढे कधीतरी आम्ही तिला घरी आणलं.

दारात काकू ओवाळायला उभ्या होत्या. सासूबाई आत, पार स्वयंपाकघराच्या दाराशी, हात पाठीमागे. मी म्हटलं, आई, या, घ्या हिला. त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, नवस मोडल्याचं माझ्यावर हाय. तिला लागायला नको. हॉस्पिटलात हात लावायची परवानगी मिळाली तेव्हाही त्यांनी लावला नव्हता, आणि मला वाटत राहिलं की त्या जंतूंना घाबरतात.

माझं डोकंच फिरलं. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. नवऱ्याच्या हातात लेक दिली आणि काकूंना म्हटलं, आमची सुकटीची बरणी आणा. त्यांना वाटलं मला वेड लागलं. पण आणली. मी चिमूटभर सुकट तोंडात टाकली, कोरडीच, सगळ्यांसमोर चावली आणि गिळली. लेक अजून बाहेरच होती, म्हणजे नवस अजून चालू होता.

मग तिला घेऊन मी उंबरा ओलांडला आणि थेट स्वयंपाकघरापाशी गेले. "आता दोघींनी मोडलाय," मी म्हटलं. "घ्या."

त्यांनी पाठीमागचे हात पुढे केले. बराच वेळ ते हवेतच होते.

"तुला भीती नाय वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. "डोकं धरा नीट."