भागोजींचा तानेचा तक्ता

आमच्या शाळेचे शिपाई भागोजी यांना 'ण' म्हणता येत नाही. ही तक्रार मी चौदा वर्षं करत होतो आणि भागोजी ती चौदा वर्षं शांतपणे ऐकून घेत होते. मी पडलो साताऱ्याकडचा, त्यात मराठीचा शिक्षक. 'पानी' ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. "भागोजी, पानी नव्हे, पाणी." "व्हय सर, पानी." मग ते पेला टेबलावर ठेवून घंटा द्यायला जायचे. घंटा मात्र त्यांची अचूक. मनगटावर घड्याळ नाही, पण शाळेतली चार घड्याळं त्यांच्या घंटेवर लावली जात.

शाळा जयगडच्या रस्त्यावरच्या एका गावात. खाली खाडीकाठी मोहल्ला, वर डोंगरउतारावर कुणब्यांच्या वाड्या आणि त्याच्याही वर उघडाबोडका कातळाचा सडा. मी राहतो रत्नागिरीत, भाड्याच्या खोलीत. टाळेबंदी आली, एसटी थांबली आणि मी शहरात अडकलो. भागोजी गावातच, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. शाळा बंद झाली तरी ते रोज कुलूप उघडायचे, वर्ग झाडायचे, अकराला घंटा द्यायचे आणि पाचला कुलूप लावायचे. कशासाठी, असं मी फोनवर विचारलं. म्हणाले, "सवय मोडली तर शाळा बुजंल."

तास आता मोबाईलवर होते. गावात फोन कसाबसा लागतो, पण तासापुरती रेंज नाही. ती फक्त सड्यावर जांभा दगड काढलेल्या जुन्या चिरेखाणीच्या काठाला मिळते, म्हणून वाड्यांवरची पोरं तिथे चढून जात. प्रत्येकाने एकेक चिरा धरलेला, त्यावर बैठक. समर्थचा चिरा सर्वांत उंच, म्हणून त्याचा आवाज सर्वांत स्पष्ट, आणि अभ्यास त्याचा सर्वांत कच्चा. खालच्या मोहल्ल्यातून एकच मुलगी घरून तासाला बसायची, मनाल. तिच्या घराला माडी होती आणि माडीच्या खिडकीत कशीबशी रेंज यायची.

मनाल दहावीत. तिच्याइतकं शुद्ध मराठी मी या तालुक्यात दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. तिच्या वहीत मला लाल पेन उघडावंच लागत नसे, याचं मला थोडं वाईटही वाटायचं. सप्टेंबरात एकदा मी समास शिकवत होतो आणि तिच्या फोनमधून कुणी पुरुष हमसून हमसून रडल्याचा आवाज येऊ लागला. तिचा माईक चालू राहिला होता. मी म्हणालो, "मनाल, ते टीव्हीवरचं नाटक आधी बंद कर. इथे व्याकरण चाललंय." आवाज बंद झाला. सगळा वर्ग चिडीचूप. माझ्या शिस्तीचा हा परिणाम, असं मला वाटलं आणि मी बहुव्रीहीकडे वळलो.

दुसऱ्या दिवसापासून मनाल तासाला आलीच नाही. आठवडा गेला, दोन गेले. दिवाळीनंतर दहावीचे फॉर्म भरायचे होते. मी तिच्या वडिलांना, फारुकभाईंना, फोन लावला. ते कुवेतला नोकरीला, पण मार्चात सुट्टीवर आले ते इथेच अडकलेले. ते म्हणाले, "ती नको म्हणते सर. शाळाच नको म्हणते. मी तरी किती सांगू? राहू दे या वर्षी." या वर्षी राहिलेली मुलगी पुढच्या वर्षी येत नाही, हे मी चौदा वर्षांत पुष्कळदा पाहिलंय. मी रात्रंदिवस तोच विचार करत होतो आणि मला काही सुचत नव्हतं.

त्याच सुमारास वरून परिपत्रक आलं. ऑनलाइन शिक्षणाने विद्यार्थ्यांना ताण येत आहे, तरी प्रत्येक विद्यार्थ्याशी संपर्क साधून ताणाचे कारण शोधावे, उपाय करावा आणि तक्ता सादर करावा. सोबत समुपदेशनावर अठरा पानं. मी सोळाव्या पानावर झोपलो. सकाळी भागोजींना फोन केला.

"भागोजी, घरोघर जा. सड्यावरही जा. प्रत्येक मुलाला विचारा, ताण आहे का. असेल तर कशामुळे, आणि उपाय काय केला, ते वहीत लिहा. नाव, ताण, कारण, उपाय, असे रकाने पाडा."

रेंज तुटत होती. "काय विचारू? तान?"

"ताण. बाणातला ण."

"बानातला न. समाजलं सर. पोरांना तान." थोडं थांबून ते कौतुकाने म्हणाले, "सरकारला बराच कळवळा आला."

इथे एक सांगायला हवं. इकडे तहानेला तान म्हणतात. भागोजींचा हिशेब साधा आणि चोख होता. सर ज्याला पाणी म्हणतात ते पानी, लोणचं म्हणतात ते लोनचं, तर सर ज्याला ताण म्हणतात ती तान. हे मीच त्यांना चौदा वर्षं शिकवलं होतं. त्यात ऑक्टोबरचा महिना, सड्यावरचा कातळ अकरापासूनच तापायचा आणि पोरं चार-चार तास त्यावर बसलेली. परिपत्रक अगदी वेळेवर आलंय याबद्दल त्यांना शंकाच नव्हती.

दोन आठवड्यांनी समर्थच्या फोनवरून वहीच्या पानांचे फोटो आले. मी वाचायला घेतलं.

"समर्थ. तान : हाय. कारन : चढ. उपाय : दोन पेले."

"दीपाली. तान : लई. कारन : सकाळी खारा बांगडा खाल्लान. उपाय : तीन पेले, कोकमाचा आगळ घालून."

"समर्थचा धाकटा भाऊ. यादीत नाय. तान तरी हाय. उपाय : एक पेला."

मी डोक्याला हात लावला. हा माणूस रोज खांद्यावर कळशी घेऊन सडा चढत होता, साथीचे दिवस म्हणून पोरांना घरून आपापला पेला आणायला लावून वरून धार धरत होता, आणि मी त्याला समुपदेशनाला पाठवलं होतं. हा तक्ता वर गेला तर माझी नोकरी नाही तरी अब्रू नक्की जाणार होती. फोन करून त्यांना चांगलं झाडायचं ठरवलं, आणि केवळ अजून चुका सापडाव्यात म्हणून पुढची पानं वाचली.

भागोजींचा एक नियम आहे. उभ्याने पाणी प्यायचं नाही. शाळेत नळाजवळ कुणी उभ्याने प्यायला लागलं की ते खांदा दाबून खाली बसवतात. सड्यावरही त्यांनी तेच केलं होतं. बसलेलं पोर पाणी पितं, पिऊन झाल्यावर लगेच उठत नाही, आणि समोर म्हातारा माणूस कळशी घेऊन नुसताच बसलेला असतो. सहाव्या दिवसापासून कारणाचा रकाना बदलला होता.

"समर्थ. कारन : गनित. तिमाहीला नापास झाला तां घरी सांगितलान नाय. उपाय : पानी. मगे मी सोबत गेलो, सांगितलान. बापसाने मारला नाय."

"दीपाली. कारन : बापूस मुंबयत, आठ दिस फोन नाय. उपाय : पानी. खानीच्या काठावरून फोन लावून दिला. बरा हाय."

झाडायचं तसंच राहिलं. मी पुढचा फोटो उघडला. त्यावर मनालचं नाव होतं.

"मनाल. पैला दिस : दार उघडलान नाय. दुसरा दिस : तान नाय बोलली, आतून. पाचवा दिस : रझियाभाबी बोलल्या, आमच्या परसात बावडी हाय, तुमी पानी कशाला आनताव? बोललो, सरांचा हुकूम हाय. आठवा दिस : मनाल हसली. पेला घेतलान. बसली. नववा दिस : रडली. तान : लई. कारन : सर."

कारण, सर. मी ते तीनदा वाचलं. मग फोन लावला.

"भागोजी, हे सर म्हणजे?"

भागोजी म्हणाले, "तां नाटक नव्हतां सर. फारुकभाय रडत व्हते. कुवेतची नोकरी गेल्याचा फोन त्याच दिवशी आलेला. पोरांनी आवाज वळखला. तुमी नाय वळखलात."

मला तो चिडीचूप वर्ग आठवला. मी बहुव्रीहीकडे वळलो होतो आणि ती मुलगी माडीच्या खिडकीत एकटी बसली होती. मला माझीच लाज वाटली. अशी लाज मला आयुष्यात पूर्वी कधी वाटली नव्हती.

एसटी तोवर सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलो. वाटभर एक वाक्य घोळवत होतो, 'अनवधानाने घडलेल्या प्रमादाबद्दल मी अंतःकरणपूर्वक दिलगीर आहे'. स्टॉपवर भागोजी उभे होते, खांद्यावर कळशी. मी म्हणालो, "आज कशाला?" ते म्हणाले, "तक्ता पुरा व्हायचा हाय."

दारात रझियाभाबी होत्या. ओट्यावर फारुकभाई दाभण घेऊन जाळं विणत बसले होते. पंधरा वर्षं कुवेतमध्ये एसी दुरुस्त केलेल्या माणसाचं ते जाळं होतं, त्यातून म्हावरं येईल असं काही वाटत नव्हतं. मनाल त्यांच्या पाठीमागे उभी. मी तोंड उघडलं. अनवधानापर्यंत आलो आणि पुढे काही येईना.

भागोजी म्हणाले, "सरांना तान लागलीय. बसा सर. उभ्याने नाय."

मी बसलो. मनाल आत जाऊन पेला घेऊन आली. भागोजींनी कळशी कलती केली. मी पाणी प्यायलो, आणि घोळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"मनाल, चूक माझी. मला कळलं नाही, आणि न कळता बोललो. फारुकभाई, तुमचीही माफी."

फारुकभाईंनी जाळं खाली ठेवलं. "माझं काय सर? मी तर खूश होतो. टीव्हीवर घेण्यासारखं रडलो म्हणायचं."

रझियाभाबींनी पदर तोंडाला लावला. मनाल आधी बापाकडे बघत राहिली, मग एकदम खुदकन हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. माझेही आले, ते मी मास्क वर ओढून निभावलं.

"सर," ती म्हणाली, "फॉर्म आणलाय का?"

मी खिसे चाचपले. माफीच्या वाक्याच्या नादात फॉर्मची माहिती भरायचा कागद रत्नागिरीतच राहिला होता. भागोजींनी खांद्यावरची कळशीची चुंबळ उलगडली. आत प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून तो कागद होता. शाळेच्या कपाटातून त्यांनी नवव्या दिवशीच काढून ठेवला होता. फारुकभाईंनी तिथल्या तिथे सही केली.

तक्ता मला स्वच्छ अक्षरात उतरवून वर पाठवायचा होता. रात्री लाल पेन घेऊन बसलो. 'पानी' दिसलं, 'गनित' दिसलं. पेन बंद केलं आणि सगळं जसंच्या तसं उतरवलं, तानेसकट. एका ठिकाणी मात्र दुरुस्ती करावी लागली. मनालच्या कारणाच्या रकान्यात भागोजींनी नुसतंच 'सर' लिहिलं होतं. आमच्या शाळेत सर चार आहेत. वरच्या लोकांचा घोळ व्हायला नको, म्हणून तिथे मी माझं पूर्ण नाव लिहिलं.