दसऱ्याला घासलेल्या रायफली

अमेरिकेत वेस्ट विंडसरला आले तेव्हा मी डिपेंडंट व्हिसावर होते, म्हणजे नोकरीला बंदी आणि रिकामा वेळ भरपूर. त्या वेळात मी इंटरनेटवरच्या लिलावांत इतकी मुरले, की आमच्या मराठी मंडळातल्या कुणालाही जुनं काही विकायचं असलं की फोन मलाच यायचा. हार्मोनियम, डायनिंग सेट, कुणाच्या सासूबाईंची चांदीची भांडी. लोक मनातली किंमत सांगायचे आणि मी ती खाली आणायचे. वाईटपणा घ्यायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

तरी त्या दिवशी मंडळातल्या काकूंनी फोनवर सांगितलं, ते मी कधीच विकलं नव्हतं. काका आमच्या भागातले जुने सर्जन, आता रिटायर झालेले. हॉस्पिटलातल्या मित्रांच्या नादाने ते तरुणपणी पेन्सिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीला जायला लागले. त्या काळातल्या तीन रायफली घरात होत्या. आता काकांना विसरायला व्हायचं, आणि आदल्या आठवड्यात भर दुपारी ते मीटर बघायला आलेल्या माणसासमोर रायफल घेऊन उभे राहिले होते. तो बिचारा हात वर करून मागे मागे सरकत गाडीत जाऊन बसला.

"पोलिसांना सांगा ना, काकू," मी म्हटलं.

"अगं, जन्मभर इथल्या लोकांची ऑपरेशन्स केली त्यांनी. त्यांच्या दारात पोलिसांची गाडी उभी करू? विकायला तयार झालेत कसेबसे. पण फेअर प्राइस मिळाली तरच. कमी बोललं कुणी, तर कॅन्सल. तू किंमत काढ, तुझं ऐकतील."

मी कामाला लागले. लोक मागतात ती किंमत बघायचीच नाही, खरोखर विकली गेली ती बघायची, हे मला ठाऊक होतंच. रायफलींचं नवीन कळलं ते वेगळंच होतं. नळीवर कारखान्यातून आलेली निळसर काळी झाक शाबूत असेल तर भाव, नाहीतर निम्मा. जुनी वस्तू चकाचक केली की तिची किंमत गेली. आपल्याकडे हे कुणाला पटायचं? नवऱ्याने मात्र मी निघताना एकच गोष्ट बजावली, "ग्रीन कार्डचं चालू आहे. आपल्या व्हिसावर बंदूक हातात घेणंही गुन्हा ठरू शकतो. हात लावू नकोस त्यांना, प्लीज यार."

शनिवारी बंदूकविक्रीचा परवाना असलेला एक म्हातारा व्यापारी येणार होता. मी थोडी आधी पोचले. डायनिंग टेबलावर चादर अंथरून दोन रायफली ठेवल्या होत्या आणि तिसरी काकांच्या मांडीवर होती. टेबलावरच्या दोन्ही नळ्या देवघरातल्या ताम्हणासारख्या लखलखत होत्या. लाकडी दस्त्याच्या नक्षीत कुंकू बसलं होतं. मूळची झाक पार गेली होती.

"बघितलंस? दर दसऱ्याला स्वतः पॉलिशने घासतो, मग पूजा," काका म्हणाले. "उचल, वजन बघ."

"नको काका, माझा हात दुखतोय." मी हात जॅकेटच्या खिशात घातले. काकांचा चेहरा पडला. मोठ्या माणसाने कौतुकाने पुढे केलेली वस्तू नाकारायची, याची मला फार लाज वाटली.

तेवढ्यात व्यापारी आला. त्याने टेबलावरच्या दोन्हींचे बोल्ट, म्हणजे गोळी भरायच्या जागेच्या खिट्ट्या, उघडून आत पाहिलं, नळीवरून अंगठा फिरवला आणि हळू आवाजात आकडा सांगितला. मी काढलेल्या किमतीच्या निम्मा. तिसरीसाठी त्याने हात पुढे केला, तर काकांनी ती छातीशी धरली.

"आधी या दोघींचं ठरू दे," ते मराठीतच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हा मला लुबाडतोय. तू सांग याला, खरा भाव काय तो."

काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर मुठीत धरून उभ्या होत्या. व्यापारी चूक आहे म्हटलं, तर सौदा मोडणार आणि रायफली घरातच राहणार. बरोबर आहे म्हटलं, तर काकांच्याच घासण्याने भाव गेला, हे तोंडावर सांगावं लागणार. मला व्यापाऱ्याचा राग आला, काकांचाही आला, आणि सगळ्यांत जास्त त्या पॉलिशच्या डबीचा.

"काका, तो बरोबर सांगतोय," मी म्हटलं. "मूळचा रंग होता, त्याचे पैसे होते. तो घासून गेला."

"घासून? मी तर नीट ठेवल्या."

"नीटच ठेवल्यात. पण घासून."

काकांनी टेबलावरच्या नळीवरून अंगठा फिरवला. दुसऱ्या हाताची बोटं तिसरीच्या बोल्टपाशी चाळवत होती. शेवटी त्यांनी चिडूनच तिसरी पुढे केली. "हिचा तरी नीट भाव कर म्हणावं."

व्यापाऱ्याने ती घेतली, नळी भिंतीकडे वळवली आणि बोल्ट मागे ओढला. आतून एक जिवंत काडतूस उडालं आणि चादरीवर घरंगळत काकांसमोर येऊन थांबलं.

काकांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं. घरात भरलेली बंदूक ठेवणाऱ्यांना ते गाढव म्हणायचे, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं.

"कोणी भरली ही?"

"मी," काकू दारातून म्हणाल्या. "पुसायला घेतली होती, तेव्हा माझ्याच हातून…"

काका त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी भानावरची, इतकी दुखावलेली नजर मी त्यांच्या डोळ्यांत पुन्हा कधी पाहिली नाही.

"तुला बोल्टसुद्धा उघडता येत नाही गं," ते म्हणाले, आणि टेबलावरच्या दोन्ही रायफली त्यांनी स्वतःच्या हाताने व्यापाऱ्याकडे सरकवल्या.