इंग्लिश नव्हे, कमराइस

ब्रिटनच्या त्या बेटांवरून आलेला गोरा माणूस म्हणजे इंग्रज, हे आपल्याकडे शाळेत न शिकवताही सगळ्यांना येतं. स्कॉटिश, आयरिश, वेल्श असले पोटभेद करायला आपल्या पणजोबांना सवड नव्हती, आणि स्टुटगार्टला येईपर्यंत मलाही त्यांची गरज पडली नव्हती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. साठीच्या, मूळच्या वेल्सच्या, नवरा जर्मन. जिना झाडायची पाळी, म्हणजे इथली केअरवोखे, शेजाऱ्यांनी नावं ठेवू नयेत अशी कशी करायची, ते बायकोला त्यांनी शिकवलं. पुढे शाळा सुटल्यावर आमची लेक त्यांच्याकडे बसू लागली. या गावात बायकोला मन मोकळं करायला एवढं एकच माणूस.

त्यामुळे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं पहिलं आमंत्रण त्यांना. अशा वेळी नवऱ्याने आत गपचूप लाडू बशीत लावावेत. मी बाहेर आलो. दहाबारा बायका जमलेल्या. मी इंग्रजीत म्हणालो, "या आमच्या इंग्लिश काकू. ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, त्यांना आज आपण वाण देतोय."

एकदोघी हसल्या. बाईंनी कुंकू लावून घेतलं, वाणाचा डबा घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "मी इंग्लिश नाही. मी कमराइस." मग चहा न घेताच गेल्या.

बायको म्हणाली, "तुला कोणी पुणेकर म्हटलं की दोन दिवस तोंड फुगवून बसतोस."

मी कोल्हापूरचा. घाव अचूक बसला.

त्यानंतर बाई जिन्यात भेटल्या की 'हालो' म्हणत, पण वर येईनात. लेक त्यांच्याकडे जात होती, बायको मात्र जिन्यातच घुटमळून परत यायची. घरात शांतता पसरली. अशी शांतता मला भांडणापेक्षा महाग पडते.

मी इंजिनिअर. बिघाड झाला की आधी मूळ शोधायचं. म्हणून अभ्यास केला. वेल्श हे नाव त्या लोकांना शेजारच्या इंग्रजांनी दिलेलं, मूळ अर्थ परका. त्यांच्या स्वतःच्या भाषेत पुरुष तो कमरो, बाई ती कमराइस, आणि त्या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे आपल्याच मुलखातलं माणूस. शिवाय काही जण हा शब्द फक्त वेल्श बोलणाऱ्या बाईसाठी राखून ठेवतात, असंही वाचलं. हे शेवटचं वाचायला नको होतं.

उरलेले लाडू घेऊन खाली गेलो. लेक त्यांच्या टेबलावर गृहपाठ करत होती. मी माझ्या जर्मनमध्ये माफी मागितली, परका-आपला सगळं सांगितलं. बाई थोड्या हसल्या. इथे मी घरी परतायला हवं होतं.

"तुम्ही घरी वेल्श बोलायचात?" मी विचारलं.

"आजी बोलायची. आईने मला शिकवलीच नाही. इंग्रजीवर नोकरी मिळते म्हणाली."

"आल्झो, तर मग," मी अभ्यासू माणसाच्या थाटात म्हणालो, "काहींच्या मते तुम्ही कमराइस ठरत नाही."

लेकीने पेन्सिल खाली ठेवली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. आताही जर्मनमध्येच म्हणाली, "म्हणजे मग मीही मराठी नाही."

"तू मराठीच," मी मराठीत म्हणालो.

"वारुम?" तिने कारण विचारलं.

बाईही माझ्याकडे बघत होत्या, परीक्षकाने बघावं तशा.

"कारण आजी फोनवर 'बरं झालं हो' म्हणते, तेव्हा ती खूश आहे की टोमणा मारतेय, ते तुला कळतं. मला अजून कळत नाही."

लेकीला हे पटलं, कारण ते खरं आहे. तिने बाईंना विचारलं, "तुझी आजी तुला काय म्हणायची?"

"कमराइस वाख," बाई म्हणाल्या. "म्हणजे छोटीशी कमराइस. केस विंचरताना म्हणायची."

"मग झालंच की," मी म्हणालो. "आजीने ठरवलंय. पुस्तकवाल्यांना कोण विचारतो?"

"पुस्तकं तुम्हीच वाचून आलात," बाई म्हणाल्या. "मी तर नुसती बसले होते."

लेक ते दोन शब्द घोळवत होती. जर्मन शाळेतल्या जिभेला तो 'ख' सहज जमला. मी प्रयत्न केला, तर दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मला थांबायला सांगितलं.

संध्याकाळी लेकीला सोडायला बाई स्वतः वर आल्या. मी दारातच संक्रांतीबद्दल आणखी एक वाक्य जुळवत होतो. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही, मला बाजूला सारून थेट बायकोकडे गेल्या आणि विचारलं, चहा आहे का. बायकोने आधण ठेवलं, मग त्या दोघी सासवांच्या विषयावर आल्या. मला कोणी बसायला सांगितलं नाही, आणि इतक्या दिवसांनी घरात आवाज होता.