वर्षाताईची स्पॅनिश

सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीत स्पॅनिश येणारी एकच मुलगी होती, माझी थोरली बहीण वर्षा. एरवी गल्लीत तिचं नाव होतं ते नळावरच्या भांडणांसाठी. आठवी ते दहावी, म्हणजे पंचाण्णव ते अठ्ठ्याण्णव, अशी तीन वर्षं ती स्पॅनिश शिकली. ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हतं, हे मी सख्खी बहीण म्हणून सांगते.

शाळा गुजराती माध्यमाची, नन लोकांची. तिथे सिस्टर पिलार नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या बाई शिवण शिकवायच्या. तरुणपणी स्पेनमधल्या कुठल्याशा खेड्यातून गुजरातेत आल्या त्या इथेच मुरल्या. रागावायच्यासुद्धा गुजरातीत. एक दिवस चाळणीला आपल्या भाषेत काय म्हणतात तेच त्यांना आठवेना, आणि बाई घाबरल्या. बोलायला कोणी नसेल तर माणूस मरायच्या आधीच त्याची भाषा जाते, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी जाहीर केलं की शाळा सुटल्यावर स्पॅनिशचा वर्ग, फी नाही, वर खमण मिळेल. खमणासाठी चौदा मुली आल्या. महिन्याभरात खमण बंद झालं आणि एकटी वर्षा उरली. कारण सहा वाजेपर्यंत शाळेत थांबलं की संध्याकाळचं पाणी भरायची पाळी माझ्यावर यायची.

पण शिकता शिकता तिला गोडी लागली, हेही खरं. कणीक मळताना पुटपुटायची, "यो आब्लो, तू आब्लास, एल आब्ला." आमची माय शोभाबाई, तिला वाटलं पोरगी कसला तरी जप करतेय. तिने चार दिवस वर्षाला लसूण-कांदा दिला नाही. नंतर कळलं की त्याचा अर्थ फक्त मी बोलते, तू बोलतेस, तो बोलतो एवढाच आहे, तेव्हा मायचा विरसच झाला.

नववीत गेली तेव्हा गल्लीला खाज सुटली. दगाची पोरगी रोज सहापर्यंत तिथे काय करते? नन बाटवतील, बघा. आमचे आप्पा, म्हणजे दगा, पॉवरलूमवर बारा बारा तास उभे राहायचे. माणूस भला, पण लोकांच्या बोलण्याला फार भ्यायचा. त्यांनी ठरवलं, शाळा पुरे, दिवाळीनंतर पोर घरी. वर्षा दोन दिवस जेवली नाही. मलाही वाईट वाटलं, कारण ती घरी बसली असती तर दिवसभर माझ्यावरच हुकूम सोडत बसली असती.

सिस्टरना हे कळलं आणि त्या समजवायला आमच्या खोलीवर आल्या. आल्या त्या नेमक्या कानबाईच्या रविवारी. श्रावणातली आमची ही देवी खानदेशातून आमच्याबरोबर सुरतेत आली. तिचे गव्हाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा बाहेरची. घरात पन्नास माणसं, माय चुलीपुढे घामाघूम, आणि दारात ही पांढऱ्या झग्यातली पाहुणी. पाहुण्याला उपाशी बसवू नये एवढं मला दहाव्या वर्षी कळत होतं. मी ताटली भरली. रोट, गंगाफळाची भाजी, खीर. सिस्टरनी सगळं खाल्लं आणि ताटली बोटाने पुसून घेतली.

मग कोणीतरी किंचाळलं. पुढची पाच मिनिटं मला कोणी काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पन्नास माणसं उखा आबांकडे बघायला लागली. आबा भाऊबंदांत सगळ्यात मोठे. कोप झाला म्हणावं तर सणाचा विचका, आणि झाला नाही म्हणावं तर रूढीचा. आबांनी बराच वेळ मिशी चोळली आणि सिस्टरना विचारलं, "लगीन व्हयेल शे का तुमनं?"

वर्षाने तो प्रश्न गुजरातीत सांगितला. सिस्टर हसून म्हणाल्या, "ना भाई, हुं तो कुंवारी ज छुं." देवाशी लग्न झालंय वगैरे काही बोलल्या असत्या तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

आबांनी मांडीवर थाप मारली. "मंग ती घरनीच शे! लगीन नही, सासर नही, आनि रोट खाई गई. दगा, हाई तुनी बहीन. पोरीसनी आत्या."

माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. बाटवायला आलेली बाई स्वतःच बाटली होती. आणि आत्या झाल्यावर भाचीच्या बाबतीत तिचा शब्द मोडता येतो का? सिस्टरनी तिथल्या तिथे दहावी मागून घेतली. आप्पा रोटाचा घास तोंडात धरून मान हलवत राहिले.

नातं आलं की त्याचे भोग आले. दिवाळीत भाऊबीजेला आप्पांनी बहिणीला साडी नेली, गुलाबी, मोठ्या मोठ्या फुलांची, पॉलिएस्टरची. सिस्टरनी ओवाळलं आणि साडीचे वर्गाला पडदे केले. भाऊबंदांपैकी ज्याला पोराचं ॲडमिशन हवं तो "आत्याबाई, आत्याबाई" करत शाळेच्या फाटकावर. बिचाऱ्या शिवणाच्या बाई, त्यांच्या हातात होतं काय? पण त्या सगळ्यांना चहा पाजायच्या.

वर्षाची दहावीची परीक्षा झाली आणि एप्रिलात सिस्टरना वय झालं म्हणून स्पेनला परत बोलावलं. त्या गेल्या तेव्हा वर्षा रडली, मी रडले. आप्पा डोळ्यात कचरा गेला म्हणाले, तोही दोन्ही डोळ्यांत.

जूनमध्ये निकाल लागला, अडुसष्ट टक्के. आणि त्याच आठवड्यात स्थळ आलं. डिंडोलीचा मुलगा, स्वतःची रिक्षा, हुंडा नको. वर्षाला अकरावीला जायचं होतं. तिने सांगितलं, कोणी ऐकलं नाही. सोळाव्या वर्षी मुलीचं कोण ऐकतं? आप्पांचं मन सुपारी फोडण्याकडे झुकलेलं. पण उखा आबा अडून बसले, "आत्याले इचार्‍याबिगर सुपारी फुटाव नही."

म्हणून पत्र लिहायला बसलो. आप्पांनी अहिराणीत सांगितलं, वर्षाने स्पॅनिशमध्ये उतरवलं, कारण सिस्टरना गुजराती नुसतं बोलता यायचं, लिहिता-वाचता नाही. मायने दुखऱ्या गुडघ्यांना एरंडेल लावा असं त्यात घालायला लावलं. दहा जूनला मी आणि आप्पांनी ते पोस्टात टाकलं. मग वाट बघणं. वर्षाचा जीव टांगणीला होता. मुलाकडची मंडळी दोनदा विचारून गेली आणि कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख एका आठवड्यावर आली.

त्या आठवड्यात पत्र आलं. चार पानं, बारीक अक्षर. आप्पा, माय, आबा, शेजारचे दोघं, सगळे खाटेभोवती. आप्पांनी पाकीट स्वतः फोडलं, पानं उलटून पालटून पाहिली आणि वर्षाच्या हातात दिली. "काय लिखेल शे?"

वर्षाने वाचलं. तिचा चेहरा पडला. मग मोठ्याने म्हणाली, "आत्या म्हणते, बारावीआधी पोरीचं लग्न करू नका. माझा शब्द मोडू नका."

"चार पानांत एवढंच?" आबा म्हणाले.

"बाकी गुडघ्यांचं आहे."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. "आखो एक डाव वाच."

तिने पुन्हा वाचलं, तेच, शब्दाला शब्द. आप्पा उठले आणि मुलाकडच्यांना नाही सांगायला डिंडोलीला गेले.

दुपारी वर्षाने मला मोरीत ओढून खरं सांगितलं. पत्रात स्थळाचा एक शब्द नव्हता. सिस्टरनी लिहिलं होतं की तिथे त्यांच्याशी गुजरातीत बोलायला कोणी नाही, म्हणून त्या मांजराशी बोलतात, आणि मांजरही लक्ष देत नाही. हे सांगताना वर्षाला हुंदका आला. मी देवाची शपथ घेतली की कोणाला सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यावर आप्पांचा डबा घेऊन गेले. माझ्या पोटात काही राहत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते माझ्याकडे न बघता जेवत होते. चौथी शिकलेला माणूस, अक्षरांशी वैर, पण आकडे पक्के.

"पत्रावर कोपर्‍यात तारीख व्हती," ते म्हणाले. "दोन जून."

आमचं पत्र दहाला गेलं होतं.

"आप्पा, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला. "तीन वरीस शिकनी ना ती," ते म्हणाले. "एक डाव तरी कामले येवाले पाहिजे."