टेलिफोनच्या डबीला चिंच

आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरी टेलिफोन आला तेव्हा काकांनी त्याला ओवाळले. इथवर ठीक होते. सुताचा व्यापारी तराजूला ओवाळतो, तिजोरीला ओवाळतो. टेलिफोनने काय घोडे मारले होते? पण पुढे रोज सकाळी देवांची आंघोळ झाली की काका फुलाने तेच पाणी टेलिफोनवर आणि भिंतीवरच्या त्याच्या डबीवर शिंपडू लागले. बाहेरची तार घरातल्या तारेला जोडलेली होती ती त्या डबीत. डबी होती देवघरामागच्या हौदाच्या भिंतीवर. उन्हाळ्यात सोलापुरात चिमण्यांना पाणी मिळत नसे, पण आमची ती भिंत बारा महिने ओली. लाइनमनने दाराजवळची कोरडी भिंत सुचवली होती. काकांना टेलिफोन देवघराला लागूनच हवा होता, म्हणजे आल्यागेल्याला एका नमस्कारात दोन्ही दिसत.

दसऱ्याला डबीवर पंचामृतही झाले. काकू म्हणाल्या, "अहो, डबीला मुंग्या लागल्यात."

"लागू दे. मुंग्या लागणं शुभ असतं."

मग आवाजात खरखर सुरू झाली. शेजारचे दुकानदार विचारू लागले, "तुमच्या फोनला सर्दी झालीय की ओ?" मी डबी उघडून पाहिली. स्क्रूंवर हिरवा कीट चढला होता, तारेची टोके काळी पडली होती. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून घरात माझे कोणी ऐकत नसे. तरी म्हणालो, "काका, ओलीनं हे होतंय. डबी कोरड्या भिंतीवर घेऊ, स्क्रूंना व्हॅसलीन लावू."

"पितळेला कीट चढतो हे तू आम्हाला शिकवणार? तुझी काकू रोज चिंचेनं देव घासते की."

आणि खरोखरच त्यांनी चिंच-मिठाने ते स्क्रू घासले. ते लखलखले. काका आठवडाभर सर्वांना डबी उघडून दाखवत होते. आंबट-खारट पाणी तारेच्या आत मुरत होते, ते कोणाला दिसणार?

त्याच दिवसांत माझ्या वडिलांना मिरजेच्या दवाखान्यात हलवावे लागले. ताई सोबत होती. वडिलांना माझ्याशी काही बोलायचे आहे, संध्याकाळी ट्रंक कॉल लावते, असा तिचा निरोप आला. कॉल आला. मी "बाबा" म्हणालो. पलीकडून कोणी बोलत होते एवढे कळले. बाकी तव्यावर मीठ तडतडावे तसा आवाज. काकांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि "हां दादा, हां दादा" करत गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले. मग कॉल तुटला.

"काय म्हणाले?" मी विचारले.

"बरं आहे म्हणाले."

दुसऱ्या दिवशी तार आली. वडील काय सांगणार होते, ते ताईलाही माहीत नव्हते. तिला त्यांनी खोलीबाहेर थांबायला सांगितले होते.

तेराव्यानंतर काकांनी स्वतःहून लाइनमन बोलावला. सुताचे भाव कळेनात, म्हणून. त्याने दाराजवळच्या कोरड्या भिंतीवर नवी डबी बसवली, स्क्रूंना व्हॅसलीन लावले. आवाज घंटेसारखा स्वच्छ येऊ लागला. काकांनी डबीला कुंकू लावले आणि पाण्याची वाटी उचलली. मी ती त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवली.

तेव्हापासून ती डबी मी रोज कोरड्या फडक्याने पुसत असे. मला तिच्यावरून कोणाचा फोन यायचा नव्हता.