स्टँडखालच्या चिठ्ठ्या

आमच्या गावच्या सभागृहात ती गायिका गिटार घेऊन बसली होती. सोल आणि कंट्री या अमेरिकी संगीताच्या ढंगात स्वतः लिहिलेली मराठी गाणी ती वीस वर्षं गाते आहे. मध्येच निवेदकाने फर्माइशींच्या चिठ्ठ्या आणून दिल्या. सगळ्या सिनेमातल्या गाण्यांच्या. तिने एकेक नीट वाचली, घडी घातली आणि माइकच्या डगमगणाऱ्या स्टँडखाली सरकवली.

"ही गाणी गाणारे पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "माझी मी नाही गायली तर कोण गाणार?"

मग तिने आईच्या शिलाई मशीनबद्दल लिहिलेलं गाणं धरलं. स्टँड आता हलत नव्हता.

मी मात्र घरात, ऑफिसात, येईल ती फर्माईश हुकूम मानत आले. त्या घड्यांमध्ये माझीही एक चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीची जागा स्टँडखालीच होती.