मुक्ताच्या टॅबलेटची पूजा

आमच्या घरात चित्र काढता येतं ते एकट्या मुक्ताला. म्हणून तिच्यासाठी चित्रं काढायचा टॅबलेट निवडायला तिला सोडून बाकीचे सगळे बसले.

मुक्ता माझी थोरली लेक. बारावी झाली आणि चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश मिळवायचं तिनं मनावर घेतलं. त्यासाठी सुट्टीत डिजिटल चित्रं काढून पाठवायची होती. तोवर ती फोनवर बोटानंच काढायची.

"अण्णा, लहानातला, बिनस्क्रीनचा घ्या," ती म्हणाली. "आपल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला की चित्र तिकडं दिसतं. शिकणाऱ्याला तेवढा बास होतो."

"म्हणजे पेन फिरवायचं इथं आन् बघायचं भलतीकडं? ताटाकडं न बघता जेवल्यासारखं?"

"तुम्ही टीव्ही बघत तसंच जेवता की."

पोरींना शिकवलं की असली उत्तरं ऐकावी लागतात. मी विषय स्वतःच्या हातात घेतला.

आम्ही तुळजापूरचे पुजारी. गावोगावचे यजमान देवीच्या दर्शनाला आले की आमच्याच घरी जेवतात, त्यामुळं चौकशीला बाहेर जायची गरज न्हाय. पुरणपोळी वाढता वाढता मी विचारायचो, "मोठा, स्क्रीनवालाच बरा, न्हाय का?" यजमान घास हातात धरून म्हणायचे, "मोठाच बरा की पुजारी." (एकाचा पाइपांचा धंदा, दुसऱ्याचं खतांचं दुकान. असला टॅबलेट दोघांनीही जन्मात बघितला नव्हता.) पुजाऱ्याच्या घरी जेवताना पुजाऱ्याला कोण खोडून काढणार? पण मी त्याला चौकशी म्हणत होतो, आणि चौकशीत सगळ्यांचं मत माझ्यासारखंच पडतंय हे बघून मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

सोलापूरच्या एका यजमानांचं मात्र कॉम्प्युटरचंच दुकान होतं. त्यांनी तेवढं विचारलं, "पुजारी, पोरगी काय म्हणती?"

"तिला काय इचारायचं? तिला फक्त चित्रं काढायचीत," मी म्हणालो.

त्यांनी पुढं काही विचारलं नाही आणि दुकानातला सगळ्यांत मोठा टॅबलेट घरी पोचता केला.

आता आमच्या घरात नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. आमच्या फ्रिजवरची हळद-कुंकवाची बोटं अजून निघालेली नाहीत. त्यात मी यजमानांच्या ट्रॅक्टरपुढं, जेसीबीपुढं, एकदा तर पिठाच्या गिरणीपुढं नारळ वाढवलेला माणूस. एकाही वस्तूची तक्रार आलेली न्हाय.

"आधी चालू कर. बंद वस्तूची कसली पूजा?" मी मुक्ताला फर्मावलं.

तिनं जोडलं. स्क्रीन लखलखला. मी त्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. (त्या टॅबलेटवरचं ते पहिलं आणि शेवटचं चित्र.) मग अक्षता टाकल्या, फूल वाहिलं आणि शेजारी दगड मांडून नारळ उचलला.

"अहो, नारळ अंगणात वाढवा," आमची ही आतून म्हणाली.

"अण्णा, आत पाणी जाईल," मुक्ता म्हणाली.

"नारळ वस्तूसमोर वाढवायचा असतो. ट्रॅक्टरला काय झालं का?"

नारळ एका दणक्यात फुटला. पाणीही भरपूर निघालं. ते दगडावरून उडून बरोबर वायर जोडायच्या भोकात गेलं. स्क्रीन आधी हिरवा झाला, मग त्यावर आडव्या रेघा आल्या, मग तो विझला.

मी घाईघाईनं म्हणालो, "देवीनं मान्य केलं बघ."

मुक्तानं वायर काढली, पदराला हात पुसत आलेल्या आईकडं बघितलं आणि आत निघून गेली. मला लई वाईट वाटलं. पण तसं तोंडानं म्हणायला बाप लागतो, आणि तो त्या वेळी सोवळ्यात होता. मी सगळ्यांना खोबरं वाटलं.

टॅबलेट दुरुस्तीला सोलापूरला परत धाडला. दोन-चार दिवसांनी दुकानवाल्या यजमानांचा फोन आला. "पुजारी, उघडून बघितला. आतून पार गेलाय. पाणी शिरलं तर कंपनी भरून देत न्हाय."

"थोडंच शिरलं होतं."

"पाण्याचं सोडा. आत तांदूळ कसे गेले, असं कंपनीवाले इचारायलेत."

सुट्टी संपत आली. मुक्तानं नवा टॅबलेट मागितला नाही, मीही विषय काढला नाही. ती परत फोनवर बोटानंच काढत बसली आणि तीच चित्रं पाठवून दिली. त्यात एक चित्र होतं: सोवळं नेसलेला एक ढेरपोट्या पुजारी नारळ उगारून उभा, आणि खाली एक टॅबलेट हात जोडून गयावया करतोय. पोट इतकं हुबेहूब जमलं होतं की नाव लिहायची गरजच पडली नाही.

प्रवेश झाला. मुलाखतीला मी सोबत गेलो होतो. दारातून आत पाऊल टाकलं तसे तिथले शिक्षक माझ्याकडं बघून एकदम हसायला लागले, आणि कुणीही ओळख विचारली नाही.

परवा खताच्या दुकानवाले यजमान जेवायला आले. "पुजारी, आमच्या पोरीलाबी टॅबलेट पायजे म्हणती. कंचा घिऊ?"

मी घसा खाकरला. "हे बघा, मोठा, स्क्रीन..."

"काका," मुक्ता वरण वाढता वाढता म्हणाली, "तिला पायजे तो घ्या. फकस्त पूजेला तुळजापूरला आणू नका."

यजमानांनी घास हातात धरला, माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बरोबर हाय ताई."

इतक्या वर्षांत माझ्या घरी जेवताना मला खोडून काढणारे ते पहिलेच यजमान. मी मुकाट्यानं त्यांना आणखी एक पोळी वाढली.